पुणेरी पलटणचें दहावें पर्व

यवतमाळ जिल्ह्यांत अरुणावती नदीच्या काठीं आर्णी हें तालुक्याचें गांव आहे. नागपूरहून तुळजापूरकडे जाणारा मोठा रस्ता गांवावरून जातो. भोंवतालीं कपाशीची काळी जमीन पसरलेली आहे, आणि बाबा कंबलपोष यांच्या उरुसाच्या दिवसांत दूरदूरचीं माणसें येथें लोटतात. अशा गांवांत कबड्डीचें मैदान आखावयाचें तर फारसें कांहीं लागत नाहीं. पावसाळ्यांत पायाला चिकटणारी व उन्हाळ्यांत भेगाळणारी ती माती उकरून भुसभुशीत करावी, वर पाणी शिंपडावें, खडे वेंचून टाकावे आणि चुन्याच्या किंवा राखेच्या रेघा ओढाव्या, म्हणजे झालें. तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद असा चौकोन, दोहों अंगांस सात सात गडी, आणि मध्यरेषा ओलांडून शत्रूच्या मुलखांत शिरणाऱ्याच्या मुखीं ‘कबड्डी, कबड्डी’ हा अखंड उच्चार. जुन्या मंडळींच्या तोंडीं याच खेळाचें नांव हुतूतू असें होतें.

१ मार्च २०२४ च्या रात्रीं हैदराबादेस गच्चीबावली येथील बंदिस्त क्रीडागृहांत याच मापाच्या चौकोनावर, परंतु मातीऐवजीं रबरी चटईवर आणि डोळे दिपविणाऱ्या दिव्यांच्या झोतांत, ‘पुणेरी पलटण’ या धंदेवाईक संघानें ‘हरियाणा स्टीलर्स’ या संघाचा २८ विरुद्ध २५ गुणांनीं पराभव केला व प्रो कबड्डी लीगचें विजेतेपद पहिल्यानेंच मिळविलें. अंतर अवघ्या तीन गुणांचें होतें. हे तीन गुण मिळावयास दहा पर्वें लागलीं. ज्या मराठी मुलखानें या खेळास छापील नियम दिले, त्याच मुलखाच्या एका संघाला इतका काळ कां थांबावें लागलें, आणि अखेर तें पद आलें तें कोणत्या वाटेनें, ही हकीकत केवळ गुणफलकावरून कळण्याजोगी नाहीं.

खेळ मूळचा फार जुना. परंतु त्याला नियमांचें अंग चढलें तें विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-साडेतीन दशकांत. तत्पूर्वीं त्याचे संजीवनी, गनिमी व अमर असे तीन प्रकार चालत. संजीवनींत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला कीं आपला बाद झालेला गडी पुन्हां ‘जिवंत’ होऊन आंत येई. गनिमींत एकदां बाद झालेला गडी सारा पक्ष संपेपर्यंत बाहेरच बसे. अमर प्रकारांत कोणी बाहेर जातच नसे, फक्त गुण मोजले जात. गांवागांवांचा शिरस्ता निराळा असल्यामुळें दोन गांवांची गांठ पडली म्हणजे खेळापेक्षां तंटाच अधिक रंगे. १९२३ सालीं बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानें आपले नियम सिद्ध करून स्पर्धा भरविली. पुढें १९३४ सालीं अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळानें नियम अधिक बांधेसूद केले. आज जगभर जो खेळ चालतो तो मुख्यत्वेंकरून संजीवनीचाच सुधारलेला वंशज होय.

या कार्यांत वऱ्हाडाचा वांटा लहान नाहीं. आर्णीहून फार दूर नसलेल्या अमरावतीस अंबादासपंत व अनंत या वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं स्थापिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक डॉ. सिद्धनाथ काणे यांच्या नेतृत्वाखालीं १९३६ च्या ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं बर्लिनला गेलें, आणि तेथें त्यानें देशी व्यायामप्रकारांबरोबर कबड्डीचेंहि प्रात्यक्षिक करून दाखविलें. युरोपियन प्रेक्षकांनीं हा खेळ पाहिला तो असा वऱ्हाडी तरुणांच्या अंगीं. त्यानंतर आशियाई पातळीवर कबड्डीस स्थान मिळावें म्हणून शंकरराव उर्फ बुवा साळवी यांनीं आयुष्य वेंचलें. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई सामन्यांत प्रात्यक्षिक झालें आणि १९९० सालीं बीजिंगला कबड्डी पदकाचा खेळ म्हणून दाखल झाली. तेव्हांपासून २०१४ पर्यंत पुरुषांचें सुवर्णपदक सलग सात वेळां भारतानेंच नेलें.

या वैभवाच्या काळांत महाराष्ट्राचें स्थान मात्र हळूहळू खालीं येत गेलें, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. खेळाचीं सूत्रें हरियाणाच्या खेड्यांकडे आणि रेल्वे व सेनादलाच्या संघांकडे गेलीं. त्यांच्यापाशीं नोकरीची हमी होती, भरपूर खुराक होता, आणि बारमाही सराव होता. महाराष्ट्रापाशीं मंडळें होतीं, मोठमोठीं बक्षिसें होतीं आणि आठवणी होत्या. राष्ट्रीय अजिंक्यपद महाराष्ट्राच्या पुरुषांनीं २०१८ च्या जानेवारींत रिशांक देवाडिगा याच्या नेतृत्वाखालीं परत आणलें, तें अकरा वर्षांच्या खंडानंतर.

आनंद महिंद्र व चारु शर्मा यांच्या पुढाकारानें २०१४ च्या जुलैंत मुंबईस प्रो कबड्डी लीग सुरू झाली, ती ह्या पार्श्वभूमीवर. आरंभीं आठ संघ होते व त्यांत महाराष्ट्राचे दोन: मुंबईचा ‘यू मुंबा’ आणि पुण्याचा ‘पुणेरी पलटण’. मुंबईच्या संघाला अनुप कुमार हा शांत वृत्तीचा हरियाणवी कर्णधार लाभला. पहिल्या तिन्ही पर्वांत तो संघ अंतिम सामन्यास पोहोंचला व २०१५ सालीं त्यानें बंगळूरच्या संघास ३६ विरुद्ध ३० असें हरवून विजेतेपदहि घेतलें. पुण्याचा संघ त्याच दोन वर्षांत तक्त्याच्या तळाशीं होता. पुढें २०१६ सालीं तो तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढला, परंतु तेथून पुढें पाऊल पडेना. मोठ्या नांवाचे खेळाडू आले आणि गेले, शिक्षक बदलले. मुंबईला यश देणारा अनुप कुमारच पुढें पुण्याचा प्रशिक्षक होऊन आला, तरीहि चषक दूरच राहिला. पुणेकरांची विनोदबुद्धि प्रसिद्ध आहे, आणि या काळांत तिला या संघानें पुष्कळ खाद्य पुरविलें असल्यास नवल नाहीं.

येथें धंदेवाईक कबड्डीचें स्वरूप थोडें उलगडून सांगणें अवश्य आहे. गांवचा संघ गांवच्या मुलांचा असतो. येथें मात्र खेळाडूंचा लिलाव होतो. प्रत्येक संघाला ठराविक रक्कम दिलेली असते व तींतूनच त्यानें गडी घ्यावयाचे असतात. कांहीं गडी करारानें पूर्वींच्या पर्वांतून राखून ठेवतां येतात, आणि नवख्या तरुणांसाठीं एक निराळी वर्गवारी असते, जींतून संघाला अल्प खर्चांत पोरें घडवितां येतात. खेळाचे नियमहि वेग वाढविण्याकरितां ओढून घट्ट केलेले आहेत. चढाईस तीस सेकंदांची मर्यादा आहे. लागोपाठ दोन चढाया कोरड्या गेल्या तर तिसऱ्या चढाईंत गुण मिळविलाच पाहिजे, अन्यथा चढाई करणारा बाद होतो. मैदानावर तीनच किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असतां त्यांनीं पकड केली तर जादा गुण मिळतो. या नियमांमुळें एकट्या चढाईबहाद्दरावर विसंबून राहणारा संघ कांहीं सामने झगमगून जिंकतो, पण लांबलचक पर्वांत थकतो. पुण्याच्या पहिल्या अनेक वर्षांचा इतिहास बव्हंशीं हाच आहे.

नववें पर्व २०२२ सालीं झालें. त्यासाठीं बी. सी. रमेश हे कर्नाटकचे माजी खेळाडू पुण्याचे प्रशिक्षक झाले. २०१९ सालीं बंगालच्या संघाला विजेतेपद मिळवून देणारे गुरु ते हेच. त्यांच्या हातीं आलेला संघ मोठा विलक्षण होता. कर्णधार इराणचा फजल अत्राचली हा कसलेला बचावपटू होता, त्याच्यासाठीं संघानें १ कोटी ३८ लक्ष रुपये मोजले होते. परंतु चढाईचा भार होता तो अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते या कोवळ्या पोरांवर. अस्लम हा अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतला. बालपणींच वडिलांचें छत्र गेलेलें, आणि आईनें मोलमजुरी करून वाढविलेला. तो व हरियाणाचा मोहित हे दोघेहि नवख्यांच्या वर्गवारींतून वर आलेले होते. या पोरांनीं संघाला प्रथमच अंतिम सामन्यापर्यंत नेलें. उपांत्य सामन्यांत तमिळ संघावर ३९ विरुद्ध ३७ असा निसटता विजय मिळाला, आणि १७ डिसेंबर २०२२ रोजीं मुंबईस जयपूरच्या संघाकडून ३३ विरुद्ध २९ अशी हार पत्करावी लागली.

हरलेला संघ सहसा मोडला जातो. धन्याला घाई असते, वर्तमानपत्रांना बळीचा बकरा हवा असतो, आणि लिलावाचा बाजार समोर मांडलेलाच असतो. पुण्यानें तसें केलें नाहीं. मोडलें तें वरचें शिखर, पाया नाहीं. फजल अत्राचली गेला. चढाईबहाद्दर पोरें मात्र तशींच एकत्र राहिलीं, संघाची धुरा अस्लमवर आली, आणि रमेश हेच प्रशिक्षक राहिले. वस्तुतः दहाव्या पर्वाचा निकाल निम्मा याच ठिकाणीं लागला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

उरलेला निम्मा निकाल २०२३ च्या ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यांत लागला. चीनमधील हांगचौ येथें आशियाई सामन्यांचा अंतिम लढा ७ ऑक्टोबरला भारत व इराण यांच्यांत झाला. २०१८ सालीं जकार्त्याला इराणनें भारताची मिरासदारी मोडली होती, त्यामुळें या सामन्याला सूडाची धार होती. शेवटच्या क्षणीं एका चढाईच्या गुणांवरून वाद पेटला, पंचांचे निर्णय फिरले, दोन्ही संघ चटईवर ठाण मांडून बसले आणि खेळ बराच वेळ बंद पडला. अखेरीस भारत ३३ विरुद्ध २९ असा विजयी ठरला. त्या भारतीय संघांत अस्लम इनामदार व आकाश शिंदे होते. समोरच्या संघांत होता महंमदरझा शादलुई नांवाचा डावा कोपरारक्षक, अंगानें धिप्पाड, चेहऱ्यावर सतत हंसूं, आणि पाय धरला कीं सोडावयाचें नांव नाहीं. दोनच दिवसांनीं मुंबईस लिलाव भरला व या शादलुईला पुणेरी पलटणनें २ कोटी ३५ लक्ष रुपयांस घेतलें. परदेशी खेळाडूसाठीं तोंवर इतकी रक्कम कोणीं दिली नव्हती. ज्यांच्याशीं परवां हमरीतुमरी झाली त्यांच्याच खांद्याला खांदा लावून आतां उभें राहावयाचें होतें.

कबड्डींत बचाव हा सांखळीचा खेळ आहे. कोपऱ्यांतल्या गड्यानें पाय धरावा, मधल्यांनीं क्षणाचा विलंब न लावतां अंगावर झेप घ्यावी, तेव्हां कोठें पकड पुरी होते. कोपरा चुकला तर सारे चुकतात. पुण्याच्या त्या सांखळींत एका टोंकास शादलुई व दुसऱ्या टोंकास गौरव खत्री होता, आणि मध्यें अबिनेश नटराजन, संकेत सावंत अशी फळी होती. चढाईकडे पाहावें तर कोणा एकाचें नांव पुढें काढणें कठीण. आज अस्लम, उद्यां मोहित, परवां पंकज. प्रतिपक्षानें कोणावर डोळा ठेवावा हेंच त्याला ठरवितां येईना. शादलुई तर बचावपटू असूनहि प्रसंगीं चढाईला जाई व गुण घेऊन परते. उलट अस्लम चढाईबहाद्दर असून पकडींत हात घाली. ज्याला जें काम नेमून दिलें त्यानें तेवढेंच करावें, ही कल्पना या संघानें मोडून टाकली.

२ डिसेंबर २०२३ ला अहमदाबादेस पर्व सुरू झालें. बारा संघ होते, प्रत्येकाचे बावीस सामने व्हावयाचे होते, आणि महामारीच्या वर्षांनंतर प्रथमच स्पर्धेचा तळ एका शहराहून दुसऱ्या शहरीं असा बारा शहरांतून हलणार होता. पुण्याची पहिलीच गांठ पडली ती गतविजेत्या जयपूरशीं, आणि ती पुण्यानें जिंकली. तेथून पुढें अडीच महिने हा संघ जवळजवळ थांबलाच नाहीं. बावीस सामन्यांत सतरा विजय, तीन बरोबरी आणि अवघे दोन पराभव, असे मिळून ९६ गुण झाले व पुणें तक्त्याच्या शिरोभागीं गेलें. जयपूर ९२ गुणांनीं दुसरें होतें. विजयास पांच गुण, बरोबरीस तीन आणि सातपर्यंतच्या फरकानें हरल्यास एक, असा तेव्हां तेथला हिशेब होता. तो मांडून पाहिला तर एक गोष्ट दिसते: पुण्याचे ते दोन पराभवहि थोडक्या गुणांचेच होते. म्हणजे साऱ्या साखळी-फेरींत या संघाला कोणी चीत असें केलेंच नाहीं.

२८ फेब्रुवारीस उपांत्य सामन्यांत पुण्यानें पाटण्याच्या संघास ३७ विरुद्ध २१ असें सहज नमविलें. पाटणा हें शादलुईचें जुनें घर. त्याच रात्रीं हरियाणानें जयपूरला ३१ विरुद्ध २७ असा धक्का दिला. त्यामुळें अंतिम सामन्यांत पूर्वीं कधींहि विजेतेपद न मिळालेले दोन संघ समोरासमोर आले, आणि एक नवें नांव चषकावर कोरलें जाणार हें निश्चित झालें.

अंतिम सामना डोळ्यांत भरण्यासारखा वेगवान नव्हता. तो पायाखालची जमीन चांचपीत चाललेल्या दोन सावध पैलवानांचा होता. हरियाणाचे प्रशिक्षक मनप्रीत सिंग हे बचावाचे पुरस्कर्ते, आणि त्यांचा कर्णधार जयदीप दहिया हाहि बचावपटूच. दोन्हीकडच्या चढाया कोरड्या जात होत्या, तिसऱ्या निकराच्या चढाईवर गुणांची देवघेव होत होती. पूर्वार्ध संपत आला असतां पंकज मोहिते आंत शिरला. पुण्याच्या या गड्याला एक वर्षापूर्वींच्या अंतिम पराभवाचा अनुभव ताजा होता. त्या एका चढाईंत त्यानें चार गुण आणले. कबड्डींत एका श्वासांत चार गुण म्हणजे एखाद्या गढीचा बुरूजच ढासळावा तसें असतें. मध्यंतरास पुणें १३ विरुद्ध १० असें पुढें होतें, आणि उत्तरार्धाच्या आरंभींच पुण्यानें हरियाणावर लोण दिला.

तरी सामना संपला नव्हता. हरियाणाच्या बाजूनें शिवम पठारे व सिद्धार्थ देसाई एकेक गुण ओढून आणीत होते. यांतील सिद्धार्थ हा कोल्हापूर जिल्ह्यांतल्या चंदगड तालुक्याचा. म्हणजे पुण्याच्या झेंड्याखालीं इराणचा व हरियाणाचा गडी, आणि हरियाणाच्या झेंड्याखालीं कोल्हापूरचा, असा तो मामला होता. अंतर तिनावर आलें आणि तेथेंच थांबलें. पंकजच्या नांवावर नऊ गुण लागले. पर्वाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून अस्लम इनामदार निवडला गेला, पकडींचे सर्वाधिक गुण शादलुईचे ठरले, आणि विजेत्या संघाला तीन कोटी रुपयांचें पारितोषिक मिळालें.

मग हा विजय पुण्याचा कितपत? असा प्रश्न विचारला गेला, आणि तो अगदींच अप्रस्तुत नाहीं. संघाचें नांव पुणेरी, धनी कंपनी, प्रशिक्षक कानडी, आधारस्तंभ इराणी. परंतु कर्णधार, अंतिम सामन्याचा नायक आणि फळींतले कित्येक गडी याच मातीचे होते, व ते लिलावांत आयते घेतलेले नसून त्याच संघांत चुकत-माकत वाढलेले होते. उलट विदर्भाच्या दृष्टीनें पाहतां हा आनंद परस्थ आहे. लीगमध्यें विदर्भाचा संघ नाहीं. आर्णीच्या मुलाला हा खेळ त्या पातळीवर खेळावयाचा तर त्यानें जिल्हा, राज्य अशा पायऱ्या चढून अखेर कोणा परक्या शहराचा अंगरखा घालावयाचा, हेंच आजचें वास्तव आहे. मातीवर वाढलेल्या मुलास रबरी चटई वेगळी वाटते. तिच्यावर पाय घसरत नाहीं, पण गुडघा पिळवटतो. तशी चटई अंथरलेलें मैदान तालुक्याच्या गांवीं सहजासहजीं मिळत नाहीं. अस्लमसारखा खेड्यांतला मुलगा मातीवरून तिथवर गेला, हें खरें. किती जणांची वाट त्यापूर्वींच थांबली, तें गुणफलकावर लिहिलेलें नसतें.

विजेतेपदानंतर संघ जसाच्या तसा राहिला नाहीं. २०२४ च्या ऑगस्टमधील लिलावांत शादलुई पुण्याच्या हातून निसटला व २ कोटी ७ लक्ष रुपयांस त्याला घेतलें तें हरियाणा स्टीलर्सनेंच. अकराव्या पर्वांत कर्णधार अस्लम दुखापतीमुळें मध्यावरच बाहेर बसला, आणि गतविजेता संघ बाद फेरीपर्यंतहि पोहोंचला नाहीं. त्या पर्वाचा अंतिम सामना २९ डिसेंबर २०२४ रोजीं पुण्यांतच, बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत झाला. घरचा संघ त्यांत नव्हता. हरियाणानें पाटण्याला ३२ विरुद्ध २३ असें हरविलें, आणि पुणेकरांच्या डोळ्यांदेखत चषक उंचावणाऱ्या त्या हरियाणाच्या मेळ्यांत हंसतमुखानें उभा होता महंमदरझा शादलुई.